उत्तम शुक्रवारी मी जे बोलले

कारखान्यातलं काम मला मालकांनी दिलं, आणि ते गेलंही त्यांच्याच शब्दानं. तरी त्या माणसाबद्दल वाईट लिहायला मी बसलेले नाही, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही एकाच मंडळीतले. त्यांचे वडील आणि माझे वडील चर्चमध्ये गायनाला शेजारी शेजारी उभे राहायचे. माझे यजमान अचानक गेले तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. दफनविधीनंतरच्या आठवड्यात मालक घरी आले, प्रार्थना केली, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "ताई, शिवणकाम येतंय की तुम्हाला. सोमवारपासून या." अक्कलकोट रोडला त्यांचा गणवेशांचा कारखाना तेव्हा नवाच होता, दहा-बारा मशिनींचा. मी त्यांना दादा म्हणत आले. साध्या मशिनीवर बसले, मग कॉलरवर, मग बाहीवर, आणि शेवटची नऊ-दहा वर्षं लाइनीवर देखरेख करायला. शाळांचे शर्ट, फ्रॉक, बिनबाह्यांचे पिनो, वॉचमनचे कपडे, दवाखान्यातल्या आयांचे झगे. मुलगी शिकून नर्स झाली, ती त्याच मशिनीच्या जोरावर.

नाताळ सरला की आमच्याकडे शाळांच्या कामाची घाई सुरू होते. त्या वर्षी जानेवारीत मात्र वेगळंच कापड आलं. वाळूत थोडा हिरवा रंग कालवावा तसं, जाड, हाताला खरखरीत. मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत बाहेरदेशची ऑर्डर आहे, एवढंच दादांनी सांगितलं. शर्ट होते. बाकी सगळं सोपं, फक्त दोन्ही बाह्यांवर दंडाशी एक तिरका खिसा, त्याला झाकण, झाकणाला दुहेरी टीप. तो खिसा काही जमेना. तिरक्या कापडाला ताण बसायचा आणि खाली चुणी पडायची. पहिले नमुने परत आले. मी दोन दिवस त्यावर घातले. शेवटी पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यावर दुमडून आधी इस्त्री मारायची, टीप खालच्या कोपऱ्यातून सुरू करायची, असं बसवलं. खिसा उसवू नये म्हणून त्या कोपऱ्यात एक बारीक आडवा टाका मी माझ्या मनानं घातला. कागदावरच्या नमुन्यात तो नव्हता. नवे नमुने पास झाले. दादांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ताईंमुळं ऑर्डर राहिली." मला फार बरं वाटलं. ते लपवून काय करू?

मग उपवासकाळ आला. आमच्याकडे उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीचे चाळीस दिवस पाळतात. मी त्या दिवसांत एकच वेळ जेवते, दुपारी, कारखान्यातल्या बायकांबरोबर. माझ्या शेजारी बसणारी बाई साखर पेठेतली, घरात तेलुगू बोलणारी. तिच्या नवऱ्याचे माग बंद पडले तेव्हापासून ती आमच्याकडे होती. मला अक्का म्हणायची. कडक भाकरी मोडत मोडत ती मोबाईलवर बातम्या बघत होती, आणि बघता बघता तिनं मोबाईल माझ्याकडे वळवला. "बघा की अक्का, काय करायलेत लोकांना."

बातम्यांतलं ते युद्ध तोवर बरेच महिने चाललं होतं. देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा आधी आपली बाजू शोधतो, आणि मग पुढचं वाचतो. पिठासाठी लोक रांगेत उभे होते आणि त्या रांगेवर गोळ्या झाडल्या होत्या. जमिनीवर माणसं पडली होती, त्यांच्यावर रिकामी पोती टाकली होती. एक म्हातारी त्यातल्या एका पोत्याकडे जायला बघत होती आणि एक सैनिक हात आडवा धरून तिला मागं सारत होता. तो हात कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात होता, सबंध दिसत होता. दंडाशी तिरका खिसा. खालच्या कोपऱ्यात आडवा टाका.

मी म्हटलं, "जरा मागं घे ते."

तिनं मागं घेतलं. मी पुन्हा बघितलं. मग तिसऱ्यांदा. ती विचारायला लागली, "वळखीचं कोन हाय का तितं?" मी नाही म्हणून मान हलवली आणि डबा तसाच झाकला.

आमचे कटिंग मास्तर माझ्याच वयाचे. पंधरा वर्षं त्यांनी कापायचं आणि मी शिवायचं, असा आमचा जोड. मुसलमान माणूस, कामात एकदम चोख, बोलणं कमी. मी तिचा मोबाईल घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले आणि दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून एक नजर टाकली.

"अपनाइच पॅटर्न है, आपा," ते म्हणाले. "मेरेकू पंद्रह दिन से मालूम है."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. "मैं बोलूं तो बात अलग हो जाती. फिर कोई वो बुढ्ढीको नहीं देखता, मेरेकूच देखते." मग म्हणाले, "घर में चार जनां हैं, आपा."

त्यांनी पुन्हा कात्री उचलली. परत जागेवर येताना मला कळलं होतं, की जे त्यांना बोलता येत नाही ते मला बोलता येतं, आणि न बोलण्यासाठी माझ्याकडे त्यांच्यासारखं कारण नाही.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर मी दादांच्या केबिनमध्ये गेले. ते हिशेब मिटवून निघायच्या तयारीत होते. मी विचारलं, "दादा, हे शर्ट तिकडच्या सैन्याला जातात का?"

त्यांनी टाळाटाळ केली नाही. "हो," म्हणाले. "मलाही आधी माहीत नव्हतं. दुसरा गठ्ठा गेला तेव्हा कळलं."

"तिथं काय चाललंय ते बघितलंत?"

"बघतो की. वाईट वाटतं. रोज प्रार्थना करतो." मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, आपण कापड शिवतो. बंदूक नाही बनवत. आपण नाही शिवलं तर दुसरा कोणीतरी शिवणार. आणि इथल्या बायकांचं काय? शाळेचं काम जूनपर्यंत. पुढं सहा महिने त्यांना मी काय देऊ?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या बायकांमधल्या प्रत्येकीच्या घरची गोष्ट मला ठाऊक होती. मी घरी आले.

आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. हे लिहायला जड जातं, पण तीन आठवडे मी ते खिसे तपासत राहिले. चुणी असली तर उसवायला लावत राहिले. कामाची सवय अशी असते, की हात थांबतच नाहीत. घरी आले की मात्र गुडघे टेकले तरी प्रार्थना होत नसे. डोळे मिटले की ती म्हातारी दिसायची, आणि तिच्या पलीकडे ते पोतं. त्याच्याखाली तिचं कोण होतं, हे मला अजून माहीत नाही.

आमच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. बायकांना बहुतेक आईविषयीचा तिसरा उद्गार देतात. त्या वर्षी पहिल्या उद्गारावर बोलणारे निवृत्त हेडमास्तर आजारी पडले आणि पाळकसाहेबांनी तो मला दिला. आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा कर, असं येशू पित्याला विनवतो, कारण आपण काय करतोय ते त्यांना कळत नाही. लहानपणापासून ऐकलेला उद्गार. पाळकसाहेबांच्या चिठ्ठीवर माझं नाव त्याच्यापुढं बघितलं आणि मी तो पुन्हा वाचला. त्यांना कळत नव्हतं. मला कळतंय.

मी पाळकसाहेबांना भेटले. तरुण माणूस, नातेपुत्याकडचा, मला आत्या म्हणतो. सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आत्या, दादांनी चर्चचं छप्पर करून दिलंय," ते म्हणाले. "ते कमिटीवर हायत. आणि आपण हितं किती लोक? कुणाच्या डोळ्यावर येऊन चालतंय का आपल्याला?"

"मग बोलू नको म्हणता?"

"तसं मी कसं म्हणू?" ते कावरेबावरे झाले. "तुम्ही काय बोलणार ते मला आधी सांगू नका, एवढंच."

त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही. मी स्वतः तीन आठवडे काय केलं होतं?

गुरुवारी, प्रभुभोजनाच्या उपासनेआधी, मी दादांच्या घरी गेले. त्यांना चर्चमध्ये सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळावं, हे मला पटत नव्हतं. वहिनींनी सरबत केलं. मी पेला हातात धरून म्हटलं, "दादा, उद्या मी त्या शर्टांबद्दल बोलणार आहे. तुमचं नाव घेणार नाही, कारखान्याचं घेणार नाही. मी काय केलं तेवढंच सांगणार."

वहिनी दारातच थबकल्या. दादांनी आपला पेला खाली ठेवला. "नाव नाही घेतलं तरी कळतंय की सगळ्यांना," ते म्हणाले. "ताई, तुमच्या पडत्या काळात मी तुम्हाला उभं केलं."

"ते मी विसरले नाही. म्हणूनच आधी सांगायला आले."

ते उठून आत गेले. वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

शुक्रवारी ऊन असं होतं की चर्चच्या पायऱ्यांवर पाय ठरत नव्हता. आत पंखे गरम वारा फिरवत होते. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. दादा नेहमीच्या जागी, तिसऱ्या बाकावर. पाचव्या उद्गारावर त्यांना बोलायचं होतं. शास्त्रपाठ झाला, गीत झालं, आणि मी पुढं गेले. लिहून नेलेला कागद मी उघडलाच नाही.

मी म्हटलं, "ज्या सैनिकांनी प्रभूला खिळलं, त्यांच्या अंगावर कपडे होते. ते कुणीतरी विणले होते, कुणीतरी शिवले होते. त्या शिवणाऱ्या बाईचा मी कधी विचार केला नव्हता. आता करते, कारण ती मी आहे." मग मी देशाचं नाव घेतलं. रांगेबद्दल सांगितलं, म्हातारीबद्दल सांगितलं, खिसा आणि टाका सांगितला. "सुरुवातीला मला माहीत नव्हतं. मग माहीत झालं. माहीत झाल्यावरही मी तीन आठवडे शिवत राहिले. प्रभूनं क्षमा मागितली ती न कळणाऱ्यांसाठी. ज्याला कळतं त्याला या उद्गारात जागा आहे का, हे मी चिठ्ठी मिळाल्यापासून शोधतेय. मला सापडली नाही. आपण दर रविवारी जगात शांती दे म्हणतो आणि खाली बसतो. कोण कुणाला उपाशी मारतंय ते म्हणत नाही. माझी विनंती एवढीच, की ते म्हणावं. देवाला ठाऊकच आहे. आपल्या तोंडून निघायला पाहिजे."

एवढं बोलून मी बाकाकडे वळले. कमिटीवरचे एक वडीलधारे गृहस्थ बाकावरून उठले आणि जागेवरूनच म्हणाले, "ही राजकारणाची जागा नाही. आज प्रभूच्या दुःखाचा दिवस आहे." पाळकसाहेबांनी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं.

दादा आपल्या वेळेला पुढं आले. तहानेविषयीचा तो उद्गार. त्यांनी चष्मा लावला आणि कागदावर लिहिलेलं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. आवाज एकदाही हलला नाही. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात कठीण दहा मिनिटं असावीत.

उपासना सुटल्यावर लोक माझ्या बाजूनं पाण्यासारखे वाहून गेले. एकट्या आमच्या सिस्टर थांबल्या. ऐंशी ओलांडलेल्या, सगळं आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून गेलेलं. मंडळीतली निम्मी माणसं त्यांच्याच हातावर जन्मलेली. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "उपास असू दे. पाणी पी आधी," म्हणाल्या. मी प्यायले. तेव्हा कुठं मला रडू आलं.

सोमवारी मी कामावर गेले आणि दादांना म्हटलं, मला शाळेच्या कामावर घाला, त्या लाइनीवर मी जाणार नाही. ते फक्त "बरं" म्हणाले. बायकांना सगळं कळलं होतं. जेवायला माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. तिसऱ्या दिवशी ती साखर पेठेतली बाई हात धुताना माझ्याजवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. "अक्का, तुमची पोरगी नोकरीला लागली. तुमाला बोलायला येतंय. ऑर्डर गेली तर आमी काय करायचं?"

मी नळ बंद केला आणि माझ्या मशिनीकडे गेले.

दोन आठवड्यांनी त्या लाइनीवर नव्या मुली आल्या. खिशाला पुन्हा चुणी पडायला लागली. दादांनी मला बोलावलं. "ताई, तुम्ही शिवू नका. त्यांना फक्त एकदा दाखवा कसं करायचं ते."

"नाही दाखवणार, दादा."

"एकदाच."

"नाही."

त्यांनी डोळे मिटले, कपाळावर हात फिरवला. "मग उद्यापासून येऊ नका," म्हणाले. मी माझी कात्री आणि बसायची उशी पिशवीत घातली. मास्तर कापायचं सोडून गेटपर्यंत माझ्याबरोबर आले. सगळ्या कारखान्यादेखत आले. ते त्यांच्यासाठी किती होतं हे मला माहीत आहे.

ती ऑर्डर पुरी झाली. कुठल्यातरी मुलीनं तो खिसा बसवला असणार. पावसाळ्यात त्याच व्यापाऱ्याकडून दुसरी ऑर्डर यायची होती, ती आली नाही. मास्तर म्हणतात, दादांनीच नको सांगितलं. दुसरे म्हणतात, व्यापाऱ्याला दुसरीकडे स्वस्तात मिळालं. मी दादांना विचारलं नाही. चार बायकांना त्या वर्षी घरी बसावं लागलं, त्यांत ती साखर पेठेतलीही होती. ती रस्त्यात भेटली की आम्ही दोघी उभ्या राहतो, मुलाबाळांचं विचारतो. अक्का म्हणते अजून.

मी आता घरीच फॉल-पिको आणि ब्लाऊज करते. एकदा दादा वहिनींची साडी द्यायला आले. आत बसले, पाणी मागितलं. जायला निघाले तेव्हा म्हणाले, "त्या गुरुवारी तुम्ही घरी आलात, ते बरं केलंत. नाहीतर मला तुमचा तिरस्कार करणं सोपं गेलं असतं." मी साडी उलगडली आणि फॉल कुठल्या रंगाचा लावायचा ते विचारलं.

चर्चमध्ये बरेच रविवार नुसतंच जगात शांती दे चाललं. मग एका रविवारी, मंडळीसाठी मोकळ्या प्रार्थनेची वेळ असते तेव्हा, सिस्टर काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या आणि पिठाच्या रांगेत मेलेल्यांसाठी प्रार्थना केली, देशाचं नाव घेऊन. शेवटी पाळकसाहेबांचा आमेन सगळ्यात मोठ्यानं ऐकू आला. तेव्हापासून महिन्यातून एकदा ते स्वतः ती प्रार्थना सिस्टरांकडे आणि माझ्याकडे सोपवतात. दोन कुटुंबं दुसऱ्या चर्चला जायला लागली. युद्ध चालूच राहिलं.

शनिवारी दुपारी मी सिस्टरांकडे जाते. त्या पेपरातले मोठे मथळे बघून खुणा करून ठेवतात, मी त्या बातम्या प्रार्थनेसाठी कागदावर उतरवते. मध्यंतरी आपल्याच सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी दोन बातम्यांवर खूण केली होती, एक अलीकडच्या गावातल्या मुलांची, एक पलीकडच्या. पहिली मी लगेच लिहिली. दुसरीपाशी हात अडखळला. दूरच्या देशाबद्दल बोलल्यानं माझं काम गेलं होतं. आता इथं काय काय जाईल, ते मनात मोजून झालं. पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"सिस्टर, हे वाचायचं?" मी विचारलं.

"मुलं किती वर्षांची होती?" त्यांनी विचारलं. त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हतं.

मी वाचून सांगितलं. एक नऊ, एक चार.

मी कागद सरळ केला आणि अलीकडच्या मुलांच्या खाली पलीकडच्या मुलांसाठी लिहायला घेतलं. रविवारी ते मीच वाचलं. मागच्या बाकावरचे दोघे उठून बाहेर गेले. बाकीचे बसून राहिले, आणि प्रार्थना संपेपर्यंत कुणी मान वर केली नाही.